दादाच्या पिट्टूला दोन काठ्या

पहिला टाका मी माझ्या लेंग्याला घातला. कॅनव्हास जाड, दाभण त्याहून जाड, आणि दोन्ही मांडीवर घेऊन मी पडवीत बसलेलो. ओढली सुतळी, मारली गाठ आणि मोठ्या तोऱ्यात उठून उभा राहिलो, तर दादाचा लष्करी पिट्टू माझ्या उजव्या गुडघ्याला लोंबकळत माझ्याबरोबरच उठला. टाके पाच होते. पाचही पट्ट्यातून निघून सरळ लेंग्यात उतरले होते. लेंगा घोळदार म्हणून मांडी वाचली. बायको समोर बसून तांदूळ निवडत होती. तिने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, एकदा गुडघ्याकडे पाहिलं आणि सूप उचलून ती आत गेली. आतून तिच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

ही गोष्ट मी घरात पन्नास वेळा तरी सांगितली असेल. पाहुणे आले की पोरं म्हणतात, बाबा, लेंग्याची सांगा. मी लेंग्याची सांगतो, पाहुणे हसतात, चहा येतो. तिथेच थांबतो. पुढचं सांगायला गेलो की जीभ आपोआप मागे वळून परत लेंग्यावर येते. म्हणून पुढचं हे लिहून काढतो आहे. चाळिशी उलटली. अजून लाजत बसलो तर राहूनच जाईल.

पिट्टू म्हणजे पाठीवर घ्यायची सैनिकांची पिशवी. दादा, म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, तिला पिट्टू म्हणे म्हणून आम्हीही म्हणायचो. तो लढाईवर गेला होता. ब्रह्मदेशाच्या चिखलात त्याच्या पायांना सड लागली आणि तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही पायांची बोटं काढून टाकली. लष्कराने बोटं ठेवून घेतली आणि जीभ तेवढी धार लावून परत पाठवली. सपाटीवर तो बदकासारखा का होईना, काठ्यांवाचून चार पावलं चाले. चढ-उतार आला की मात्र दोन्ही हातांत चिवारीच्या, म्हणजे भरीव वेळूच्या, काठ्या लागत. बोटं नसलेला माणूस पायरीवर उभा राहिला की मागे कलतो. हे आम्हाला त्याच्याकडे बघून कळलं. तोवर पायाच्या बोटांचा उपयोग काय, याचा आमच्यापैकी कोणी विचार केला नव्हता.

मी त्या वेळी तिशीतला, दुसऱ्या गावच्या शाळेत मास्तर. सुट्टीत घरी आलो की मोडलेली छत्री, अडकलेलं कुलूप, गळकी कळशी, जे हाताला लागेल ते दुरुस्त करायचा मला नाद होता. दुरुस्त झालेल्या वस्तू नंतर गुपचूप बायको दुसऱ्याकडून दुरुस्त करून आणी, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

आता काठ्या आणि पिट्टू यांची गाठ कशी पडली ते सांगतो. आमच्या गावात तीन-चार वर्षांनी एकदा गावपळण होते. देवाचा कौल झाला की सगळा गाव घरंदारं बंद करून गुरंवासरं, कोंबड्या, कुत्रे यांच्यासकट शिवेबाहेर जातो. तीन दिवस आणि तीन रात्री गावात माणूस राहत नाही. वर सड्यावर, जांभ्याच्या उघड्या माळावर, झोपड्या उभारायच्या, नाहीतर तिथल्या गवताच्या मांगरात राहायचं, परत कौल झाला की घरी यायचं. बाकीची घरं आपापले देव देवघरातच ठेवून निघत. आमच्या घराण्याची रीत तेवढी निराळी होती. आमचा मूळपुरुष घाट उतरून या गावात आला तेव्हा त्याच्या पाठीवर तांब्याचा एक कलश होता म्हणतात. तो कलश, तोंडाशी नारळ बसवलेला, आमच्या देवघरात असे. एरवी तो जागचा हलवायचा नाही. पण गाव पळाला की तोही निघायचा, आणि घरच्या कर्त्याने तो स्वतःच्या पाठीवर घेऊन शिवेपार न्यायचा. वाटेत टेकवायचा नाही, पाठीवरून उतरवायचा नाही, आणि त्याला दुसऱ्याचा हात लागता उपयोगी नाही. शिवेच्या दगडापाशी कर्ता तो उतरवी आणि सगळ्या भावकीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घाली. कलश ज्याच्या पाठीवर, शब्द त्याचा. कुणगा कोणी कसायचा, मुलगी कुठे द्यायची, सगळं त्याच्या तोंडून.

मागच्या वेळी वडिलांनी नेला होता. मधल्या काळात वडील गेले, आणि आता पाळी दादाची होती.

गावपळणीच्या आधी महिनाभर घरापुढच्या खळ्यात भावकी जमली. काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, मध्ये बसले. त्यांचा मुलगा, आमचा चुलतभाऊ, खांबाला टेकून उभा राहिला. त्याचे पाय म्हणजे नुसते माडाचे बुंधे. त्याने फार काही वाद घातला नाही. घाटीचा चढ, अलीकडे ओढ्याएवढा व्हाळ, व्हाळावर पोफळीच्या खोडांचा साकव, आणि दादाचे पाय, एवढं त्याने मोजून दाखवलं. शेवटी दादाकडे बघून म्हणाला, "साकवार कठडो धरूक दोनव हात लागतले. मगे काठये काय दातांत धरतलस?"

लोक हसले. दादा हसला नाही. तो म्हणाला की काठ्या कुठे धरायच्या ते माझं मी बघेन.

काकांनी निवाडा दिला. काका कधी कोर्टात गेले नव्हते, पण बोलत मात्र असं, की कोर्टच त्यांच्याकडे येऊन शिकून गेलं असावं. दादाच्या त्या दोन काठ्या म्हणजे त्याचे पाय समजायचे. पण त्याच दोन. वाटेत तिसरी काठी घेतली, कोणाचा खांदा धरला, कलशाला किंवा तो ज्यात असेल त्या पिशवीला दुसऱ्याचा हात लागला, तर कलश तिथल्या तिथे चुलतभावाच्या पाठीवर जाईल आणि तिथेच राहील.

माणसं पांगल्यावर दादा खळ्यात एकटाच बसून होता. मी जवळ गेलो. मला म्हणाला, "कलश गेलो, की मी ह्या घरात पावणो." आणि मग, मी काही धीर देण्याआधीच, "तू तोंड असा करू नको. गाढवासारखो दिसतस."

त्याच वेळी माझ्या डोक्यात कल्पना आली. कलश पिट्टूत घालायचा. पिट्टूच्या दोन्ही अंगांना काठ्यांसाठी जागा करायची. साकव आला की काठ्या पाठीमागे खोचायच्या, दोन्ही हातांनी कठडा धरायचा, पलीकडे गेल्यावर त्याच काठ्या खांद्यावरून हात मागे नेऊन उपसायच्या. पिट्टू पाठीवरून काढायला नको, कोणाचा हात लागायला नको. दादाला सांगितलं तर त्याने मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. सैन्यात चार पावलं चालण्याचीही आधी तीनदा उजळणी करतात, तशी त्याने माझ्याकडून करवली. मग खुंटीवरचा पिट्टू काढून माझ्या अंगावर टाकला.

लेंग्याचा प्रकार झाला तो दुसऱ्या दिवशी. पण त्यानंतर मी काम चोख केलं, निदान मला तसं वाटलं. प्रत्येक अंगाला खाली अर्धी करवंटी, भोक पाडून कॅनव्हासला बांधलेली. काठीचं लोखंडी टोक त्यात टेकायचं. वर, खांद्याच्या जरा खाली, जुन्या कातडी पट्ट्याचं एकेक कडं. काठी वरून कड्यातून सोडायची, ती घसरत जाऊन करवंटीत बसणार. कडं निसटू नये म्हणून मी सुतळी दुहेरी घेतली आणि तिला मेण चोळलं. बैल जोडून ओढला असता तरी तो टाका तुटला नसता. माझ्या सगळ्या आयुष्यात मी केलेलं पक्कं काम ते एवढंच.

पिट्टूत उशी कोंबली आणि दादाच्या पाठीवर चढवला. दादाने हात मागे नेला, काठ्या सोडल्या. टक, टक. दोन्ही करवंटीत बसल्या. पुन्हा हात मागे नेला आणि दोन्ही काठ्या एकाच वेळी उपसून समोर धरल्या. वहिनी दारात उभी होती. दादाने काठ्या खोचल्या, उपसल्या, खोचल्या, उपसल्या. लढाईहून आल्यापासून मी त्याला इतका खूश पाहिला नव्हता. पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी तो खळ्यात हा सराव करी. एकदा तर वाटेवरून जाणाऱ्या चुलतभावाला बघून त्याने मुद्दाम दोनदा केला. जाता-येता मला म्हणे, "मास्तर, पोरांका हाच शिकव. बाकी तुझ्याकडे काय नाय." दादाच्या तोंडून हे म्हणजे भरजरी शालच. मी ती पांघरून गावभर फिरलो.

कलश आधी हलवायचा नाही अशी रीत, म्हणून उशीवर मापं घेतली. कलशाएवढ्याच पोटाच्या तीन कळश्या घरात होत्या. रोज त्यांतलं पाणी मी प्यायलो. पिट्टूत एक घालून बघावी, हे मला एकदाही सुचलं नाही.

गावपळणीच्या सकाळी दादाने अंघोळ करून कलश उतरवला आणि स्वतःच्या हाताने पिट्टूत ठेवला. पिट्टू पाठीवर घेतला, पट्टे छातीवर आवळले. वर तोंडातून नारळाची शेंडी डोकावत होती. पिट्टू फुगलेला दिसला खरा, पण मला तो देखणा वाटला. भरल्या घरातली बाई दिसावी तसा. दादा काठ्या टेकत पुढे, त्याच्या मागे काका, चुलतभाऊ, मी, बायको, वहिनी, मग भावकीतली बायकामाणसं, डालग्यांतल्या कोंबड्या, गुरं. कुणग्यांच्या मेरेवरून, भातशेताच्या त्या अरुंद बांधावरून, दादा ठाकठीक चालला. काकांनी मधून मधून त्याच्या हातांकडे बघितलं, बोलण्यासारखं काही सापडलं नाही.

साकवापाशी तो थांबला. सगळे थांबले. दादाने एक काठी खांद्यावरून मागे नेली आणि कड्यात सोडली. ती अर्ध्यात अडली. त्याने वरून दाब दिला, ती आणखी गेली, पुन्हा अडली, पुन्हा दाबली, शेवटी टक असा आवाज झाला. दुसरीही तशीच. मला वाटलं, घट्ट बसल्या, बरंच झालं. दोन्ही हातांनी कठडा धरून, आडवं होऊन, बोटं नसलेली पावलं खोडांवरून सरकवत दादा पलीकडे गेला. खाली व्हाळात पाणी होतं. तो पलीकडे पोचल्यावर मी चुलतभावाकडे वळून बघितलं. आता हे सांगायला नको, पण बघितलं, आणि मान पण उडवली.

साकवाच्या त्या टोकाला लागूनच घाटी सुरू होते. जांभ्याच्या चाळीसेक पायऱ्या, पावसाने झिजलेल्या, बाहेरच्या अंगाला उतरत्या. वर शिवेचा दगड. दादाने पहिल्या पायरीपाशी जाऊन हात मागे नेला आणि काठी ओढली.

काठी आली नाही.

त्याने दुसरी ओढली. मग पहिली परत. मी साकवावरून धावत त्याच्या पाठीमागे गेलो आणि काय झालंय ते बघितलं. उशी मऊ होती, तिच्यावर कडं सैल राही. कलशाच्या तांब्याच्या पोटाने कॅनव्हास ढोलासारखा ताणला होता आणि कडं काठीवर आवळलं होतं. चिवारीला पेरापेराला गाठी असतात. दादाने वरून दाबल्या तेव्हा त्या गाठी एकेक करून कड्याखाली गेल्या होत्या, आणि आता कड्याखालून वर यायला तयार नव्हत्या. मागे उभं राहून कोणी सरळ वर ओढली असती तर आली असती. खांद्यावरून मागे नेलेल्या हाताला तेवढा जोर येत नाही.

"मास्तर," दादा हळू आवाजात म्हणाला, "काठी येणा नाय."

मी हात पुढे केला. काका मागून म्हणाले, "हात लावू नको. लावलंस, तर कलश हयसरच उतारलो."

मी हात मागे घेतला. दादाला म्हटलं, जरा फिरवून ओढ. त्याने फिरवून ओढली. म्हटलं, खाली दाबून मग ओढ. त्याने तेही केलं. त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. टाका तुटला असता तर कडं निघालं असतं आणि सगळं सुटलं असतं, पण टाका दुहेरी सुतळीचा होता आणि मेण चोळलेला होता.

"किती टाके घातलंस रे मेल्या?" दादाने विचारलं.

चुलतभावाने उत्तर दिलं. "मास्तराचा काम ता. तुटाचा नाय."

आमच्या मागे साकवावर भावकी अडकली होती, तिच्या मागे दुसऱ्या घरांची माणसं, त्यांच्या मागे गुरं. कोणीतरी ओरडून विचारलं की पुढे काय झालं. मागे मागे निरोप जात गेला. दादाने काठ्यांचा नाद सोडला आणि पाय पहिल्या पायरीवर ठेवला. चढला. दुसऱ्या पायरीवर मागे कलला. भावकीतल्या दहा जणांचे हात पुढे आले आणि सगळे तिथल्या तिथे थांबले. तो सावरला. पुन्हा एकदा चढायला गेला, पुन्हा कलला, आणि या खेपेला पहिल्या पायरीवरून खाली आला. पडला असता तर कलश टेकला असता. वहिनीने तोंड फिरवून व्हाळाकडे केलं.

दादाने छातीवरचे पट्टे आणखी आवळले. मग खाली वाकला. दोन्ही तळहात वरच्या पायरीवर टेकले, गुडघे खालच्या पायरीवर टेकले, आणि रांगायला लागला.

पिट्टू पाठीवर सपाट बसला. त्याच्या दोन्ही अंगांनी काठ्यांच्या मुठी दादाच्या डोक्याच्या वर, पुढे निघाल्या होत्या, आणि मध्ये नारळाची शेंडी. समोरून वाट रिकामी होती, मागून आम्ही सगळे बघत होतो. दादा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर गेला तशा त्या काठ्या दोन शिंगांसारख्या हलल्या. हसू फुटलं. मला फुटलं, काकांना फुटलं, साकवावर पसरत शेवटच्या माणसापर्यंत गेलं. चुलतभाऊ म्हणाला, "गुरां मागे रवली, बैल फुडे गेलो," आणि मग हसणं थांबेचना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पोट धरलं होतं.

दादाने मागे वळून पाहिलं नाही. पहिल्या पाच-सहा पायऱ्यांत हसणं चालू होतं, नंतर कमी झालं, मग बंद पडलं. चाळीस पायऱ्या हा रांगायला फार मोठा चढ आहे. मधे आम्ही सगळे एकेक पायरी थांबत, बघत, त्याच्यामागे चढत होतो, आणि दादाने हात उचलला की त्या जागी जांभ्यावर ओलसर ठसा दिसत होता. जांभा तसाही तांबडाच असतो, त्यामुळे ते काय आहे हे कळायला मला जरा वेळ लागला.

शिवेच्या दगडाला धरून तो उभा राहिला. पट्टे सोडून त्याने कलश बाहेर काढला आणि दगडापाशी ठेवला. चुलतभाऊ म्हणाला की पायांनी न्यायचा असं ठरलं होतं. काकांनी दादाकडे बघितलं, मग मुलाकडे बघितलं. काकांच्या कायद्यात पळवाट नव्हती, ती त्यांनी स्वतःलाही ठेवली नाही. "हात कोणाचो लागलो?" त्यांनी विचारलं. कोणी बोललं नाही. "तर मगे. रांगत नेल्यान, पण तेनाच नेल्यान." आणि दादाने धुळीने आणि रक्ताने माखलेले हात जोडून, आवाज जराही न हलवता, भावकीच्या वतीने गाऱ्हाणं घातलं. माझं, माझ्या बायकोचं, शाळेतल्या माझ्या पोरांचंही भलं मागितलं. गाऱ्हाण्यात सगळे येतात, कोणाला वगळता येत नाही.

मी रिकामा पिट्टू तळाकडून उचलला. कलश नसल्यामुळे कॅनव्हास सैल पडला होता. दोन्ही काठ्या आपल्या आपण घसरल्या आणि माझ्या पायावर पडल्या.

तीन दिवस आम्ही मांगरात राहिलो. वहिनी दादाच्या तळहातांतली जांभ्याची बारीक खडी सुईने काढत बसे. मी एकदा जवळ गेलो आणि म्हटलं की दादा, माझं माप चुकलं. तो म्हणाला, मापाचं काही नाही. एवढंच. माझ्यावर ओरडला नाही, गाढव म्हणाला नाही, मेल्या म्हणाला नाही. तेव्हा मला बरं वाटलं. आपल्याला माफ केलं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने माझ्याकडे दाभण मागितलं. माझे टाके उसवायलाच त्याला तासभर लागला. मग त्याने कडी मोठी केली, पुढच्या अंगाने फोडली, म्हणजे काठी वरून न ओढता बाजूला सारली की सुटावी, आणि वहिनीची पाण्याने भरलेली कळशी पिट्टूत घालून ते चार-पाचदा करून बघितलं. सैनिकाचं काम. त्याच्या लेंग्याला काही झालं नाही.

कौल झाला. चौथ्या दिवशी परत निघालो. दादाने कलश पाठीवर घेतला, दोन्ही काठ्या हातात घेतल्या आणि घाटीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. मागे सगळी भावकी. तो मान न वळवता म्हणाला, "मास्तर, माझ्या मागसून चल."

मी गेलो.

दादा एक पायरी उतरला, नीट, दोन काठ्यांवर. थांबला.

"हस," तो म्हणाला.

मला ऐकू आलं, पण कळलं नाही. म्हटलं, काय?

"चढताना हसलंस मा? तसो हस."

मी काकांकडे बघितलं. काका सड्यावरच्या झाडांकडे बघत होते. कलश त्याच्या पाठीवर होता आणि शब्द त्याचा होता, हे त्यांनीच ठरवलं होतं. मी हसलो. घशातून काहीतरी आवाज निघाला. दादा दुसरी पायरी उतरला आणि थांबला. "हस." मी हसलो. तिसरी पायरी. "मोठ्यान. तेव्हा हसणा मागे साकवापर्यंत गेला होता." मी मोठ्याने हसलो. बाकी कोणी हसलं नाही. चुलतभाऊ पायरीकडे बघत उतरत होता. मला वाटलं, दहा पायऱ्यांत त्याचं समाधान होईल. मग वाटलं, वीस. पायऱ्यांवर तीन दिवसांपूर्वीचे ठसे वाळून काळे झाले होते आणि त्या प्रत्येकापाशी तो काठी टेकून थांबत होता. एका ठिकाणी माझा आवाज बसला, नुसता वारा निघाला. दादा थांबून राहिला. मी खाकरलो आणि हसलो, तेव्हाच तो पुढे गेला. मागे कोणाच्या तरी डालग्यात कोंबडा माझ्या आवाजाला उत्तर द्यायला लागला, त्यावरही कोणी हसलं नाही.

खाली पोचल्यावर दादाने काठ्या मागे नेऊन कड्यांत बसवल्या, दोन्ही हातांनी कठडा धरून साकव ओलांडला, पलीकडे गेल्यावर एकाच झटक्यात दोन्ही काठ्या काढून समोर धरल्या आणि घरी गेला. पुढेही तो माझ्याशी बोलत असे, सणाला ताटाला बसवी, सुट्टी संपली की वेशीपर्यंत पोचवायला येई. त्या दिवसाविषयी त्याने मला पुन्हा कधी काही विचारलं नाही.

त्या सकाळी घरी आलो तेव्हा तीन दिवस बंद असलेल्या घराला कोंदट वास येत होता. बायको चुलीपाशी बसून फुंकणीने विस्तव पेटवत होती. माझा घसा सोलून निघाला होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या शेजारी टेकलो आणि सगळी भडास ओकून मोकळा झालो. माप चुकलं हे कबूल, पण हसायला काय मी एकटा होतो? काका हसले, चुलतभाऊ हसला, साकवावरची माणसं हसली, सगळा गाव हसला. मग भावकीसमोर माझीच धिंड का? सख्खा भाऊ सापडला म्हणून?

तिने फुंकणी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही, विस्तवाकडे बघतच बोलली.

"मी तुमच्या पाठसूनच चलत होतंय. तो रांगाक लागलो, तेव्हर सगळी गप होती. पयले तुमी हसलात. तेचो सख्खो भाव हसलो, म्हणान बाकीच्यांका धीर इलो."